कुंदाताईंची दुसरी गाडी

वादाचा कंटाळा आला की कुंदाताई समोरच्याचं मनगट धरतात, घड्याळाकडे बघतात आणि शांतपणे म्हणतात, "दहापासून उलटे अंक म्हणा."

समोरचा बावचळतो. काही जण खरोखरच "दहा, नऊ, आठ" असं सुरू करतात. सातापर्यंत येईतो कुंदाताई निघून गेलेल्या असतात. आमच्या गल्लीत त्यांनी असे बरेच जण गार केले आहेत. त्यात एक नगरसेवक आहे, नळाचं मीटर बघायला आलेला माणूस आहे, आणि दोनदा मी आहे.

कुंदाताई व्यवसायाने भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी रोग्याला भूल देणाऱ्या डॉक्टर. रत्नागिरीत कुणी त्यांना डॉक्टर म्हणत नाही, सगळे 'भुलीच्या बाई' म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, या बाई अंगारेधुपारे करत असाव्यात. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्याला गरज पडेल तो सर्जन फोन करतो आणि या बॅग उचलून निघतात. आज मारुती मंदिराजवळ, उद्या पालीत, परवा लांज्यात. वय साठीच्या जरा पुढे, उंची बेताची, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नाही. शेजारचा बंगला त्यांचा, आणि आमच्या दोघांच्या मध्ये एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत. त्या गडग्यावर हात ठेवून त्या माझ्याशी बोलतात. म्हणजे त्या बोलतात, मी पाटबंधारे खात्यात जन्म काढल्यामुळे ऐकून घेतो.

आणि त्यांच्याकडे ती गाडी आहे.

गाडी पिवळीधमक, परदेशी, दोनच माणसांची. टप मागे दुमडतं. गोव्यातला कुणी एक जण देश सोडून चालला होता, त्याच्याकडून जुनी घेतली आणि स्वतः चालवत आणली. ती जमिनीला इतकी लागून आहे की आत बसलं की रस्त्यावरच्या कोंबडीच्या डोळ्याला डोळा भिडतो. बसायला एक युक्ती लागते आणि उतरायला दुसरा माणूस लागतो. कुंदाताई मात्र खारीसारख्या आत शिरतात आणि खारीसारख्या बाहेर येतात. शेजारच्या सीटवर औषधांची बॅग, तिला पट्टा लावलेला. मे महिन्यात तिथे हापूसची पेटी असते, तिलाही पट्टा.

गाव काय गप्प बसतंय! मांडवीच्या जेटीवर सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक आहेत, त्यांनी तर हा विषय दत्तकच घेतला होता. त्यातल्या एकाने एकदा धीर करून तोंडावर विचारलं, "ताई, या वयात असली गाडी?"

"मग कुठल्या वयात?" कुंदाताई म्हणाल्या. "विशीत पैसे नव्हते. तिशीत वेळ नव्हता. चाळिशीत आई अंथरुणाला होती. साठीत सगळं जमून आलं. आता फक्त तुमची परवानगी राहिलीय, आणि ती मी मागत नाहीये."

मी एकदाच त्या गाडीत बसलो. आरे-वाऱ्याच्या रस्त्याने नेलं मला. डावीकडे समुद्र होता म्हणतात; मी पाहिला नाही, माझे डोळे मिटलेले होते. "वळण यायच्या आधी ठरवायचं सप्रे, वळणात विचार करत बसायचं नाही," असं त्या मोठ्याने सांगत होत्या. घरी आल्यावर बायकोने मला कोकम सरबत दिलं आणि रंग परत येईपर्यंत समोर बसून राहिली.

तर अशा या बाईला दुसरी गाडी का घ्यावी लागली, ते सांगतो.

जुलैतली गोष्ट. लांज्याच्या एका छोट्या हॉस्पिटलातून दुपारी फोन आला. बाळंतपण अडलं होतं, लगेच सिझर करायला हवं होतं. कुंदाताई निघाल्या. हातखंब्याच्या पुढे महामार्गाचं काम चाललेलं, वाहतूक बाजूच्या कच्च्या रस्त्याने वळवलेली. त्यात गुडघाभर लाल पाणी. बस गेल्या, ट्रक गेले, आणि पिवळी मधोमध जाऊन पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. चाकं नुसतीच फिरत होती.

कुंदाताईंनी बॅग डोक्यावर घेतली, चिखलातून बाहेर आल्या आणि चिरे भरून चाललेल्या एका ट्रकसमोर हात करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"मरायचाय काय आजी?"

"नाही, कुणी मरू नये म्हणून जायचंय. लांजा. चल."

त्या ड्रायव्हरने नंतर पिवळी बाहेर काढायला मदत केली तेव्हा मी तिथे होतो. तो मला कौतुकाने सांगत होता, "बाय वर चढली ती सरळ माज्या गियरवर बोलायला लागली. दुसरा टाक म्हणे, आता तिसरा, घाटात क्लचवर पाय ठेवू नको म्हणे. बारा वर्षं ट्रक चालवतोय, आईशप्पथ, पयल्यांदा परीक्षेला बसल्यासारका वाटला."

त्या वेळेत पोचल्या. आई वाचली, मुलगा झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पडवीत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. चहा समोर तसाच राहिला.

"ती टेबलावर आडवी होती," त्या म्हणाल्या. "सर्जन हात धुऊन उभा. आणि मी चिखलात चाकं फिरवत होते. ट्रक आला नसता तर?"

बायको म्हणाली, "पण आला ना ट्रक."

"दर वेळी येत नाही हो, मीनाताई." मग एकदम पाठ ताठ करून त्या माझ्याकडे वळल्या. "सप्रे, मला दुसरी गाडी घ्यायचीय. उंच, साधी, कंटाळवाणी. तुम्ही माझ्याबरोबर चला."

"मी? मला गाड्यांतलं काय कळतंय?"

"गाड्यांतलं मला कळतं. कंटाळवाण्यातलं तुम्हाला कळतं. तुमच्याइतका तज्ज्ञ जिल्ह्यात नाही."

बायको स्वयंपाकघरात पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ हसण्याचा.

माझी गाडी राखाडी आहे, छोटी आहे, नऊ वर्षं जुनी आहे. मागच्या काचेशी बायकोने विणलेला रुमाल आहे. मी चाळीसच्या वर जात नाही. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

बातमी गावभर झाली. मांडवीच्या जेटीवर तर दिवाळी आल्यासारखं वातावरण. भुलीच्या बाई शुद्धीवर आल्या, असा विनोद तिथे आठवडाभर चालला. एकाने गडग्यापाशी येऊन विचारलंच, "मग पिवळीला काय भावाने काढताय?"

"पिवळी कुठेही जात नाहीये. दुसरी येतेय," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्ही दुसरा सदरा शिवता तेव्हा पहिला जाळता का?"

पुण्याहून त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. कुंदाताई फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलतात, त्यामुळे गल्लीला ऐकायला जायची गरज पडत नाही.

"कुंदे, ते खेळणं विकून टाक आता. एकट्या बाईला दोन-दोन गाड्या कशाला?"

"दादा, तुला दोन गुडघे आहेत आणि एकही चालत नाही. माझ्या दोन्ही चालतील." आणि फोन ठेवून दिला.

मग आमची मोहीम सुरू झाली. पहिल्या शोरूममध्ये टाय घातलेला एक तरुण पुढे आला, आणि सरळ माझ्याशी हात मिळवला.

"सर, मॅडमना रंग कुठला आवडतो?"

"मॅडमना इंजिन आवडतं," कुंदाताई म्हणाल्या. "बॉनेट उघडा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने बॉनेट उघडलं.

"सर, मॅडमसाठी आपण ऑटोमॅटिक बघू या का? लेडीजना सोपी पडते."

कुंदाताईंनी त्याचं मनगट हातात घेतलं. बिचारा सहापर्यंत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्या चालकाच्या जागी बसून सीट पुढे ओढतायत. तो घाईघाईने शेजारी बसला, मी मागे. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो. पुलावर सगळं ठीक होतं. पुढच्या चढाला त्यांनी गाडीची परीक्षा सुरू केली तेव्हा त्या मुलाने दोन्ही हातांनी वरची कडी धरली.

"मॅडम, ही फॅमिली कार आहे!"

"मग फॅमिलीला कळू दे ना."

माथ्यावर गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून त्या डोळे मिटून ऐकत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिची नाडी फार मंद आहे हो. ही जागी आहे की अजून शुद्धीवर यायचीय?"

त्या मुलाने मॅडमना मायलेज सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

दुसरीकडे एक धिप्पाड गाडी दाखवली. उंच, काळी, पुढे दूरदर्शन संचाएवढा पडदा. ही गाडी बोलायची. रस्त्याच्या पट्ट्यावरून जरा चाक गेलं की टुकटुक करायची, पट्टा नीट लावा म्हणायची, थकला असाल तर विश्रांती घ्या म्हणायची. पहिल्या दोन सूचना कुंदाताईंनी सहन केल्या. तिसऱ्या सूचनेला त्यांनी गाडी बाजूला घेतली, पडद्याकडे बघून "तू किती वर्षं गाडी चालवतेयस गं?" असं विचारलं आणि उतरल्या. "बाहेरून पैलवान आणि आतून नणंद," एवढंच परतताना म्हणाल्या.

शेवटी मी माझ्यासारखी छोटी राखाडी गाडी सुचवली. नाइलाजाने बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, बस थांब्यावर बसावं तशा. मग म्हणाल्या, "सप्रे, हिच्यात बसल्यावर मला माझ्या पेन्शनची काळजी वाटायला लागली. आणि मला पेन्शनच नाही."

मी दुखावलो. दोन दिवस मी गडग्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"रुसलात ना? रुसा. पण आधी कपडे करा. कुवारबावला जुन्या गाड्यांचं आवार आहे, तिथे एक बघून ठेवलीय."

त्या आवारात गवत वाढलेलं. कडेला एक पांढरी व्हॅन उभी होती. आठ माणसांची, खोक्यासारखी, नाक नसलेली. एका दाराला पोचा आलेला. वडापला असतात ना, माणसं कोंबून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या, तसली. मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्यांनी मागच्या सीटा काढायला लावल्या आणि चक्क आत जाऊन पत्र्यावर आडव्या झाल्या. उताण्या, हात पोटावर.

"सप्रे, चालवा."

"मी?"

"मी आडवी आहे. मग कोण चालवणार?"

आवाराच्या मालकाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी गाडी रस्त्यावर काढली.

"त्या गतिरोधकावरून घ्या," मागून आवाज आला. घेतली. "परत." परत घेतली. "आता जरा वेगात." मी वेगात घेतली तेव्हा मागे धप्पकन आवाज झाला आणि कुंदाताई विव्हळल्या. मग त्या उठून बसल्या, केस मागे सारले आणि मालकाला म्हणाल्या, "मागचे स्प्रिंगचे पाटे फार कडक आहेत. मऊ बसवून द्या. ही घेते."

मी परतीच्या वाटेवर विचारलं, "डॉक्टर, हे काय घेतलंत?"

"गाडी."

"पण का?"

"उंच आहे, साधी आहे. कंटाळवाणी नाही, पण सगळं कुठे मिळतं?"

याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही.

गाव खदाखदा हसलं. पिवळी चालवायची म्हणून ज्यांना राग होता, त्यांना आता पांढरी चालवायची म्हणून लाज वाटायला लागली. डॉक्टर बाईने वडापच्या गाडीतून हिंडायचं म्हणजे काय, गावाची शोभा! पुण्याच्या दादांचा पुन्हा फोन आला. एका सर्जनने तर सांगितलं म्हणे, की ही गाडी हॉस्पिटलच्या पुढच्या दारात लावू नका, पेशंटच्या मनावर परिणाम होतो. कुंदाताईंनी दुसऱ्या दिवशी ती बरोब्बर पुढच्या दारात लावली, आणि चाकाला दगड लावून आत गेल्या.

खरी गंमत साळवी स्टॉपला झाली. मिरकरवाड्याच्या दोन मासेवाल्या रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पांढरी बघून हात केला. कुंदाताईंनी थांबवली. दोघी चढल्या, टोपल्या चढल्या, पाठोपाठ शाळेतून सुटलेली एक मास्तरीण चढली. कुंदाताईंनी तिघींना सोडलं. घरी आल्या आणि गाडी धुवायलाच लागल्या.

"थांबलात कशाला?" मी गडग्यावरून विचारलं. वास माझ्यापर्यंत येत होता.

"हात केला तर थांबायचं." त्यांनी बादली उपडी केली. "पिवळीला कोणी हात करत नाही हो सप्रे. बोट दाखवतात फक्त."

आणि पावसाळा संपेपर्यंत असंच चाललं. पिवळी शेडमध्ये ताडपत्रीखाली. रविवारी ताडपत्री काढायची, इंजिन चालू करायचं, गल्लीतली सगळी कुत्री भुंकवायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. बाकी दिवस पांढरी. पण ती जरा जास्तच बाहेर असायची. ऑपरेशन नसलेल्या दिवशीही सकाळी निघायची आणि दुपारी चाकांना लाल माती घेऊन परत यायची. कुठे जाऊन आलात विचारलं की मनगटाकडे हात यायचा, म्हणून मी विचारणं सोडलं.

भाताची कापणी चालू होती त्या दिवसांत एकदा गडग्यावरून हाक आली. "सप्रे, रिकामे आहात का? म्हणजे असणारच. माझ्याबरोबर लांज्याला चला. उचलायला एक माणूस हवा."

"काय उचलायचंय?"

"चला तर."

व्हॅनमध्ये मागे आता सीटा नव्हत्या. खाली जाड गादी, तिच्यावर धुतलेली चादर, कडेने लोड लावलेले. मी त्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि गाडी सुरू केली.

लांज्याच्या हॉस्पिटलच्या दारात एक नर्स वाट बघत होती. कुंदाताईंनी तिला हाताने गप्प राहायची खूण केली. मग आतून एक तरुण बाई भिंतीला धरून, पोटावर हात दाबून, एकेक पाऊल टाकत आली. बरोबर तिची सासू, हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मुलीचा नवरा मुंबईला कामाला, रजा संपून कालच परत गेलेला. सासूने व्हॅन बघितली, कुंदाताईंचे बूट बघितले आणि नर्सला म्हणाली, "डायवर बाय हाय? बरा झाला."

मी तोंड उघडलं. माझ्या पायावर कॅनव्हासचा बूट पडला. मी तोंड मिटलं.

आम्ही त्या मुलीला धरून गादीवर आडवं केलं. कुंदाताईंनी स्वतः तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवली, कुशीला लोड लावला, आणि जागेवर येऊन बसल्या. आणि मग, आरे-वाऱ्याच्या वळणांवर मला देव दाखवणारी ही बाई, इतकी हळू निघाली की एक सायकलवाला आमच्या शेजारून बोलत बोलत पुढे गेला. एकेक खड्डा त्या आधी नजरेने मोजत होत्या. पुढचं चाक उतरवायचं, थांबायचं, मागचं उतरवायचं. अंग मागे वळवून विचारायचं, "दुखलं का गं?"

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. एक ट्रकवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ आजी, झोपलात काय?"

कुंदाताईंनी काच खाली केली आणि अख्ख्या महामार्गाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "गाडीत टाके आहेत माझ्या! घाई असेल तर उडत जा!"

ट्रकवाला बघतच राहिला. मग त्याने स्वतःचा ट्रक मागे घेतला आणि आमच्यामागून आमच्याच चालीने यायला लागला. त्याच्यामागे वाजणारे हॉर्नही मग बंद झाले.

महामार्ग सोडून आम्ही भांबेडच्या बाजूला आतल्या रस्त्याला वळलो. मागे दोघींचा डोळा लागला होता. मी हळूच विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"गाडी आली तेव्हापासून."

"म्हणून त्या दिवशी पत्र्यावर आडव्या झालात?"

"मग काय, तुमचं कौशल्य बघायला?" रस्त्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. "आणताना सगळे धावतात हो. घरी सोडताना रिक्षा बघतात. मी किती वर्षं बघतेय. एखादीला मी भूल द्यायची, जराही दुखू द्यायचं नाही, सगळं छान पार पडायचं. चार-सहा दिवसांनी परत त्याच हॉस्पिटलात जाताना ती मला वाटेत दिसायची, रिक्षात. प्रत्येक खड्ड्याला पोट धरून, ओठ दाबून. मी मागून पिवळीत. थांबवून तिला घ्यायचं म्हटलं तर घेणार कुठे? त्या सीटवर धड बसता येत नाही, आडवं कसलं होणार?"

"मग एवढं गावाला सांगायचं ना! लोकांची तोंडं तरी बंद झाली असती."

"तेच नको होतं." त्यांचा आवाज चढला, मग मागे पाहून पुन्हा उतरला. "सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला चांगली बाई करून टाकलं असतंत. हार, नारळ, सत्कार. आणि चांगल्या बाईला कोणी पिवळी गाडी ठेवू देत नाही. मी दोन्ही ठेवणार आहे. तुम्ही कुणाला सांगितलंत तर बघा."

मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहितोय, ते त्यांना दाखवून. "लिहा," म्हणाल्या. "नाव बदला, आणि सत्कार केलात तर गाडी अंगावर घालीन हेही लिहा."

घर वाडीच्या टोकाला होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं खळं आणि खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. सुनेला धरून आत नेलं, खाटेवर निजवलं. मी निघायला वळलो तर सासूने वाट अडवली.

"बस गो बाय. येवड्या लांबून आलीस, दमली आसशील. च्या ठेवतंय." मला म्हणाली, "तुमीपन बसा." मी कोण असेन याचा तिने विचार केलेला दिसला नाही.

मला वाटलं कुंदाताई नाही म्हणतील. त्या कुणाकडे चहा घेत नाहीत, वेळ जातो म्हणून. पण त्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या. बूट काढून ठेवले.

चहा आला, तांदळाची गरम भाकरी आली. सासूबाई भरभरून बोलत होत्या. डॉक्टर देवमाणूस. नर्सबाय लाखातली. त्या दिवशी पोरीला झटके आले, आता दोघीपन जातात असं वाटलं, पण डॉक्टरने हात लावला आणि सोनं झालं.

मला राहवलं नाही. मी आत बघून सुनेला विचारलं, "आणि भूल कुणी दिली होती?"

माझ्या पायाशी बूट नव्हता. कुंदाताईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हायत," ती खाटेवरून म्हणाली. "मला पूर्ण झोपवली होती. तोंडावर काय तरी ठेवलानी तेवढा आठवतंय. डोळे उघडले तवा नर्स होती."

कुंदाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि चहात बुडवला.

"तुला पोरं किती?" सासूने त्यांना विचारलं.

"नाहीत."

"आनि घरात?"

"घरात मीच."

त्या बाईने अरेरे केलं नाही, हळहळली नाही. नुसती मान हलवली, जसं एखाद्या अडचणीवर उत्तर सापडावं. "मग हिला घे जरा. मला भात झाकायचाय, आभाळ आलाय." आणि दुपट्यातलं बाळ कुंदाताईंच्या मांडीवर ठेवून ती खळ्यात गेलीसुद्धा.

कुंदाताईंचे हात वर राहिले. मी पाहिलंय, या बाईचा हात कधी चुकत नाही. नस सापडत नसलेल्या माणसाची नस त्या बोलता बोलता शोधतात. पण आता ते हात हवेत, कुठे ठेवायचे ते न कळून. बाळाने मान वाकडी केली तेव्हा घाबरून त्यांनी एक हात मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली.

"असंच ना?" त्यांनी मला विचारलं.

"असंच."

खळ्यात पेंढ्या सारल्याचा आवाज येत होता.

"गंमत आहे बघा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "हजारो बाळं झाली असतील माझ्यासमोर. पण माझी जागा टेबलाच्या डोक्याकडे. मध्ये पडदा. बाळ झालं की पलीकडच्या पलीकडे डॉक्टरकडे, मग नर्सकडे, मग बाहेर नातेवाइकांकडे. मी आईचा श्वास बघत बसायचं. रडल्याचा आवाज येतो ना, तो आवाज ऐकूनच मला कळतं. हातात कधी कुणी दिलं नाही. देणार तरी का? मी कोण?"

बाळाने जांभई दिली. कुंदाताईंनी ती इतक्या लक्षपूर्वक पाहिली, की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

सासू भात झाकून आली, हात धुतले, बाळ घ्यायला पुढे झाली. कुंदाताईंना बघितलं आणि काही न बोलता चुलीकडे गेली. आतून म्हणाली, "जेवूनच जा आता. कुळथाची पिठी-भात करतंय."

आभाळ खरंच भरून आलं होतं. आतला रस्ता, पांढरीच्या एका दिव्याचा काही भरवसा नाही, घरी मीना वाट बघत असणार. मी उठलो, चपला घातल्या.

"निघू या का डॉक्टर? उशीर होईल."

त्यांनी मान वर केली नाही. बाळाच्या मुठीत त्यांची करंगळी होती.

"बसा हो सप्रे," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचंय?"